९ आठवड्यांचं पिल्लू, समोर गणपती. बाहेर कधी आणि कसं न्यायचं? (बडोदा)

पोळकर

नमस्कार मंडळी. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. लॅब्रेडॉरची मादी, वय ९ आठवडे, वजन ५.२ किलो. पहिली लस सातव्या आठवड्यात झाली, दुसरी पुढच्या आठवड्यात आहे. जंताचं औषध दोनदा दिलंय. घरात बिनधास्त असते, खाणं उत्तम. खाली ओट्यावर मांडीत घेऊन बसलं की मात्र पहिली दुचाकी गेल्याबरोबर अंग चोरते, नाकावरून जीभ फिरवते आणि जिन्याकडे तोंड करते. खाऊ तोंडाशी धरला तरी घेत नाही.

गणपतीला साडेतीन आठवडे राहिलेत. मंडळाचा मांडव आमच्या दारापासून चाळीसेक पावलांवर पडतो आणि ढोल-ताशाचा सराव आतापासूनच रोज संध्याकाळी सुरू झालाय. दोन सल्ले मिळालेत. डॉक्टर म्हणाले, लशी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर ठेवायचं नाही. शेजारचे काका म्हणतात, आत्ताच सरावात नेऊन बसव, दोन दिवसांत कान तयार होतील. ऐकू कोणाचं? आणि जमिनीवर ठेवायचं नसेल तर बाहेरची सवय लावायची कशी?

श्वानसखी

डॉक्टरांचं ऐका, पण अर्धवट ऐकू नका. "जमिनीवर ठेवू नका" याचा अर्थ "घराबाहेर काढू नका" असा होत नाही. घोटाळा इथेच होतो.

पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं तो काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. त्यानंतर दार एकदम बंद होत नाही, पण जे आधी पाहिलेलं नाही त्याबद्दल संशय घ्यायचा हा मेंदूचा कल वाढत जातो. तुमच्या हातात उणेपुरे चार-पाच आठवडे आहेत आणि लशींचा क्रम सोळाव्या आठवड्यापर्यंत चालेल. तोवर घरात कोंडलंत तर आजारापासून वाचेल, पण रस्त्याची भीती जन्मभर राहण्याचा धोका आहे.

म्हणून कडेवर घ्या. ५ किलोचं पिल्लू जाड कापडाच्या झोळीत छान मावतं. बाराव्या आठवड्यात ती ९-१० किलोची होईल आणि उचलणं अवघड जाईल, म्हणजे झोळीचे दिवस हेच. झोळीतही हार्नेस घातलेला हवा आणि त्याचा पट्टा तुमच्या मनगटात. घाबरलेलं पिल्लू खांद्यावरून उडी मारतं.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे "खाऊ तोंडाशी धरला तरी घेत नाही". घरी भुकेलं असलेलं पिल्लू बाहेर चिकनचा तुकडा नाकारतं तेव्हा ते हट्ट करत नसतं. भीतीत भूक मरते. म्हणून खाणं हेच मोजमाप धरा. खातेय तर अंतर बरोबर आहे. खात नाहीये किंवा हिसकावून, दात लावून खातेय, तर अंतर कमी पडतंय. ओटा रस्त्याला लागून आहे, दुचाकी हातभरावरून जाते. तिथून सुरुवात करूच नका. तुमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून किंवा गॅलरीतून करा. तिथून दुचाकी दिसते, ऐकू येते, पण अंगावर येत नाही.

पद्धत अशी. उकडलेलं चिकन किंवा पनीर, अर्ध्या वाटाण्याएवढे २०-२५ तुकडे, कमरेच्या पिशवीत. हातात उघडे धरू नका. दुचाकी दिसली, तिचा कान वळला, की एक-दोन सेकंदांत तुकडा. दुचाकी दिसेनाशी झाली की खाऊ बंद, हात स्थिर. पुन्हा दुचाकी, पुन्हा तुकडा. क्रम उलटा झाला की बिघडतं. आधी खाऊ आणि मग आवाज असं चार-सहा वेळा झालं की खाऊ हीच धोक्याची घंटा होते, मग पिशवीची चेन वाजली तरी पिल्लू दबकतं. बरेच लोक इथे चुकतात आणि "खाऊ देऊनही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात.

पाच मिनिटं, फार तर सात. मग घरी आणि झोप. या वयात १८-२० तास झोप लागते. दिवसाला बाहेरची एक खेप पुरे. तेवढं चिकन दिवसाच्या जेवणातून वजा करा, खाऊ एकूण अन्नाच्या दहाव्या हिश्शावर जाऊ नये.

दुचाकी आली की ती स्वतःहून तुमच्या हाताकडे वळून पाहायला लागली, "आला की आवाज, कुठंय माझा तुकडा" असा तोंडावर भाव दिसला, की मगच एक मजला खाली या. तीन दिवस लागोत की आठ.

लसीकरण_वही

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. लशीच्या बाजूचं थोडं भर घालतो, कारण "तीन वेळा लस कशाला" हे नीट सांगितलं जात नाही आणि मग लोक दुसरीनंतर थांबतात.

आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात काही आठवडे टिकते. ती असेपर्यंत लस दिली तर ही आईकडून आलेली शक्तीच लशीला निकामी करून टाकते. ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं, कुणाची ८ आठवड्यांत, कुणाची १४ मध्ये. म्हणून दर २ ते ४ आठवड्यांनी देत १६ आठवड्यांपर्यंत जायचं. शेवटची मात्रा सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर पडली पाहिजे. रेबीजची लस १२ आठवडे पूर्ण झाल्यावर. तुमच्या हिशोबाने ती गणपतीच्या आसपास येते आणि डीएचपीपीआयची (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे आजारांवरची एकत्र लस) शेवटची मात्रा घटस्थापनेच्या सुमाराला.

खरी भीती पार्व्होची, म्हणजे जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराची. तो विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो, सावलीच्या ओल्या जागी त्याहून जास्त. फिनाईल आणि डेटॉलवर विसंबू नका. ब्लीच चालतं. साधं ५-६ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १ भाग, पाणी ३० भाग. आधी जागा साबणाने घासून घ्यायची, मग हे द्रावण १० मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पाण्याने धुवायचं. मातीवर किंवा घाण असलेल्या जागेवर ब्लीच काम करत नाही. आणि संडास धुवायच्या आम्लात ते कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. चपला दाराबाहेर.

कुठे ठेवायचं नाही: विजेच्या खांबाची बुडं, कचऱ्याचे कोपरे, कमाटीबागेची हिरवळ, दवाखान्याची फरशी. दवाखान्यात नंबर येईपर्यंत बाहेर रिक्षात मांडीवर घेऊन बसा, आत थेट टेबलावर. कुठे चालेल: तुमची गच्ची, भटकी कुत्री चढत नसतील तर. ओळखीच्यांचं घर, जिथलं कुत्रं लशी पूर्ण झालेलं आणि पिल्लांशी सौम्य आहे. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेची शिफारसही हीच आहे. पहिली लस आणि पहिलं जंताचं औषध होऊन किमान ७ दिवस झाले की ७-८ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ, बंदिस्त जागेतल्या पिल्लांच्या वर्गाला जाऊ शकतं.

पावसाळा आहे म्हणून आणखी एक. साचलेल्या पाण्यात पाय पडू देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि विश्वामित्री नदीला पूर आला की गल्लीतलं पाणी काय काय घेऊन येतं हे आपल्याला माहीत आहे. तुमच्या डॉक्टरांच्या लशीत लेप्टो आहे की नाही ते विचारून वहीवर लिहून घ्या.

रावपुरा_७

काकांच्या बाजूने एक विचारतो. गल्लीतली गावठी पिल्लं मांडवाखालीच वाढतात, ढोल वाजत असतो आणि ती झोपलेली असतात. मग घरच्या पिल्लाला एवढी नजाकत कशाला? एकदोनदा घाबरेल, मग शांत बसेल.

श्वानसखी

प्रश्न योग्य आहे, म्हणून नीट उत्तर देते. गल्लीतल्या पिल्लाच्या कानावर तो ढोल डोळे उघडल्यापासून थोडा थोडा पडत आलेला असतो, शेजारी आई निवांत पडलेली असते आणि नको झालं की उठून गाडीखाली जायची मुभा असते. तीन गोष्टी: लवकर, हळूहळू, सुटकेची वाट मोकळी. मांडीत घट्ट धरून सरावात नेलेल्या पिल्लाकडे यातली एकही नसते.

आणि "शांत बसेल" हे फसवं आहे. गोठलेलं पिल्लूही शांतच दिसतं. फरक जवळून बघा. निवांत पिल्लाचं अंग हाताला मऊ लागतं, डोळे मिचकावतं, मान इकडेतिकडे फिरवतं, वास घेतं, तुकडा दिला तर चावून खातं. गोठलेल्याची पाठ फळीसारखी ताठ, कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाशी, एक पंजा किंचित उचललेला, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं, तोंड घट्ट मिटलेलं. हृदयावर हात ठेवलात तर धडधड बोटांना जाणवते. तुकडा ओठांवर ठेवला तर तसाच खाली पडतो. हे पिल्लू ढोलाला सरावलेलं नाही, सुटका नाही एवढंच शिकलेलं आहे. त्याचं पुढे काय होतं? पुढच्या वेळी ढोल बांधायला काढला तरी जिन्यात अडून बसतं. त्या जागेची, त्या वेळेची, कधी कधी ज्याने धरलं त्या माणसाचीही भीती बसते.

लसीकरण_वही

गल्लीतल्या कुत्र्यांचा विषय निघालाच आहे. कान कापलेलं कुत्रं दिसलं म्हणजे त्याची नसबंदी झालेली आहे आणि त्या वेळी रेबीजची लस दिलेली आहे. पार्व्हो-डिस्टेंपरची लस त्याला मिळाली असेल असं समजू नका. १६ आठवड्यांपर्यंत नाकाला नाक लावू देऊ नका, कुत्रं कितीही प्रेमळ असो.

गच्चीवरून

ढोलाच्या आवाजाची घरातली तयारी कशी करायची ते लिहितो, कारण साडेतीन आठवडे याला पुरेसे आहेत, आज सुरू केलंत तर.

ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग घ्या, पण मोबाइलच्या स्पीकरवर वाजवू नका. त्यातून ताशा येतो, ढोलाचा घुमारा येत नाही, आणि पिल्लाला हादरवतो तो घुमारा, जो फरशीतून पंजांना लागतो. ब्लूटूथ स्पीकर शेजारच्या खोलीत जमिनीवर ठेवा. आवाज इतकाच की तिचा कान एकदा वळावा आणि ती पुन्हा खेळायला लागावी. वाजवा, एक सेकंद, तुकडा, तुकडा, तुकडा. आवाज बंद, तुकडेही बंद. ३ मिनिटं, दिवसातून दोनदा. एका पातळीवर दोन-तीन दिवस. मग पुढचा टप्पा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला: आवाज मोठा, किंवा स्पीकर जवळ, किंवा वेळ जास्त. आवाजही वाढवला आणि दारही उघडलं, तर कशाने बिघडलं ते कळत नाही. बिघडलंच तर एक टप्पा नव्हे, दोन टप्पे मागे या.

रेकॉर्डिंगवर ती निवांत झाली म्हणून खऱ्या ढोलाला होईल असं नाही. मधली पायरी हवी. सरावाच्या वेळी उलट्या दिशेने जा. झोळीत घेऊन सूरसागर तळ्याच्या कडेला, जिथे ढोल फक्त पुसट ऐकू येतो. तिथे खाल्लं, इकडेतिकडे पाहिलं, की पंधरा-वीस पावलं जवळ. खाणं थांबलं की तिथून परत, पुढे एक पाऊल नाही.

गणपतीच्या दिवसांत दिवसा, वाजंत्री बंद असताना, मांडव दाखवून आणा. फुगलेला पडदा, लोंबणारी झालर, उदबत्तीचा वास, बांबूंची सावली, हे सगळं तिच्यासाठी नवीनच आहे. प्रसाद मात्र कुणालाही भरवू देऊ नका. पंचखाद्यातल्या आणि लाडवातल्या बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ल्याने होईल याचा भरवसा नाही. चॉकलेटचे मोदकही कुत्र्यांना विषारीच. चुकून खाल्लं तर लक्षणांची वाट न पाहता तासाभरात डॉक्टर.

आगमन आणि विसर्जनाच्या मिरवणुकीला तिला नेऊ नका, या वर्षी नाहीच. रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, पंखा जोरात. आधीपासून तिची आवडती असलेली खाटेखालची जागा मोकळी ठेवा आणि तिथे गेली तर ओढून काढू नका. मीठ-फोडणी न घातलेला दहीभात रबरी पोकळ खेळण्यात भरून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. चाटण्यात अर्धा तास जातो आणि चाटण्याने पिल्लं शांत होतात. शी-शू संध्याकाळी आवाज सुरू होण्याआधी उरकून घ्या.

आणि कृपा करून "जवळ घेतलं तर भीती वाढते" हे मनातून काढा. भीती म्हणजे काही युक्ती नव्हे की बक्षीस दिल्याने वाढावी. ती कुशीत आली तर येऊ द्या. फक्त तुम्ही घट्ट आवळू नका, जायचं असेल तेव्हा जाता आलं पाहिजे.

पोळकर

खूप खूप आभार. आजच गॅलरीतून सुरू करतो. आणखी दोन अडचणी आहेत. एक, वाड्यातली पाच-सहा मुलं तिला पाहिलं की धावत येतात आणि सगळी एकदम डोक्यावर हात फिरवतात. दोन, जिना लाकडी, उभा आणि पायऱ्यांच्या मधून खालचं दिसतं. उतरायचं नाव काढत नाही.

श्वानसखी

मुलांना "हात लावू नका" म्हणू नका, काम द्या. मुलं जमिनीवर मांडी घालून बसतील, ओळीत, पिल्लाकडे बाजू करून. पिल्लाला ओढून त्यांच्याकडे न्यायचं नाही. ती स्वतः ज्याच्याकडे जाईल त्याने छातीला किंवा खांद्याला खाजवायचं, वरून डोक्यावर नाही, आणि मोठ्याने तीनपर्यंत मोजून हात मागे घ्यायचा. पुन्हा जवळ सरकली तर पुन्हा तीन. तोंड वळवलं, जांभई दिली, अंग झटकलं, तर "झालं आता". सात-आठ वर्षांची मुलं हे दोन दिवसांत शिकतात आणि मग दुसऱ्यांना शिकवत फिरतात. एका वेळी दोनच मुलं. तुकडे मुलांच्या हातून भरवू नका, जमिनीवर टाकायला सांगा. नाहीतर प्रत्येक लहान हात म्हणजे खाऊ असं ती धरून बसेल आणि बोटं चावेल.

सगळ्यांना भेटवण्याचाही सोस नको. रोज दहा माणसांनी कुरवाळलेलं लॅब्रेडॉर आठ महिन्यांचं झालं की रस्त्यावर प्रत्येकाच्या अंगावर झेपावतं आणि तेव्हा ते २५ किलोचं असतं. दहांतल्या सात-आठ माणसांना नुसतं पाहून, तुमच्याकडे वळून, तुकडा खाऊन पुढे जाता आलं पाहिजे. हेल्मेटवाला, काठी टेकणारे आजोबा, छत्री, घुंघट घेतलेली बाई, लारी ढकलणारा, पिंपं वाजवत जाणारी दुधाची मोटारसायकल. हे दुरून दाखवा, भेट घडवू नका. शेव-उसळीच्या लारीजवळ उभं राहायचं तर वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि खाली सांडलेला कांदा तोंडात जाणार नाही इतक्या अंतरावर.

जिन्याचं सांगते. तीन महिन्यांची होईपर्यंत चढउतार तुमच्या हातातच, लॅब्रेडॉरच्या वाढत्या सांध्यांना उभा जिना चांगला नाही. पण ओळख आता करून द्या. वरून नाही, खालून. शेवटच्या पायरीवर ठेवा (ती आणि खालची फरशी आधी ब्लीचने धुतलेली), समोर जमिनीवर तुकडा. एक पायरी उतरली, झालं. दुसऱ्या दिवशी दोन. मधल्या फटी दिसतात म्हणून ती घाबरते, तर खालच्या चार पायऱ्यांच्या मागच्या बाजूने पुठ्ठा खिळवा आणि पायरीवर रबरी पायपुसणं. गळ्यातला पट्टा धरून कधीही खाली ओढू नका. एकदा घसरली की महिनाभराची मेहनत जाते.

घरातल्या घरात रोज दोन मिनिटं हेही करा: एक पंजा हातात, दाब, तुकडा. कान उलटा, तुकडा. ओठ वर, दात दिसले, तुकडा. पट्ट्यात बोट, तुकडा. बाथरूममधली रबरी चटई टेबलावर टाकून त्यावर उभी करा आणि तीच चटई दवाखान्यात सोबत न्या. टेबल गार आणि निसरडं असतं, अर्धी भीती त्याचीच असते.

गच्चीवरून

बडोद्यात आहात म्हणून पुढचं एक आत्ताच लिहून ठेवा. नवरात्रात ती ४ महिन्यांची असेल, दिवाळीत ५ आणि उत्तरायणला (संक्रांतीला) ७. सहाव्या महिन्यानंतर बऱ्याच पिल्लांना भीतीचा दुसरा काळ येतो. आधी दुर्लक्ष करायची त्या गोष्टीला अचानक भुंकते, मागे सरते. तेव्हा नेमका १४ जानेवारी येतो. गच्च्यांवर स्पीकर, पिपाण्या, "कायपो छे"चा गलका, फरशीवरून सरकणाऱ्या पतंगांच्या सावल्या. डिसेंबरात, लोक नुसते संध्याकाळी पतंग उडवायला लागतात तेव्हाच, वरच्याच पद्धतीने सावल्या आणि पिपाणी ओळखीची करून घ्या. १४ आणि १५ ला गच्चीवर नेऊ नका. कठड्यावरून झेप घ्यायला एक आवाज पुरतो.

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, पण काचेचा साधा दोराही पंजा कापतो. जानेवारी संपेपर्यंत फिरायला नेताना आखूड पट्टा आणि नजर जमिनीवर. पायात गुंता झाला तर तिला ओढू देऊ नका, जागेवर बसवा, कात्रीने दोरा कापा, स्वच्छ कापड ५ मिनिटं दाबून धरा. दोरा गिळला असेल आणि टोक तोंडातून किंवा शेपटीखालून लोंबताना दिसलं, तर ते ओढायचं नाही. आत आतडी त्या दोऱ्यावर चुणल्यासारखी गोळा झालेली असतात, ओढलं की चिरतात. टोक तसंच ठेवून, ती चाटणार नाही असं मान धरून, त्याच तासात दवाखाना गाठा, आणि तसाच दोऱ्याचा तुकडा सापडला तर डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.